गंजलेला ट्रक टिपण्याआधी तो तिथे का थांबला हे शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याला टाकून दिलेले दोन जुने ट्रक सापडले, एक बंद पडलेल्या खाणीच्या रस्त्यावर आणि दुसरा शेताच्या बांधाला झाडीत. दोन्हींचे मिळून दोनशेच्या आसपास फोटो काढले, पण घरी येऊन पाहिले तर सगळ्या फोटोंत नुसता गंजच दिसतो आणि एक ट्रक दुसऱ्यापासून वेगळा वाटत नाही. आणखी ट्रक कुठे शोधावेत, त्यांची ओळख कशी पटवावी आणि छायाचित्र कसे काढावे, असे आपण विचारले आहे. हे तिन्ही प्रश्न माझ्या मते एकच आहेत. ट्रक ही कामाची वस्तू आहे आणि ती जिथे थांबली तिथे थांबण्याला बहुतेक वेळा काहीतरी कारण असते. ते कारण समजले की पुढचा ट्रक कुठे असेल याचा अंदाज येतो आणि कॅमेरा कुठे लावायचा हेही उमगते. ते न शोधता काढलेला फोटो हा गंजाचा फोटो होतो, ट्रकचा होत नाही.

आधी शोधण्याबद्दल. मोटारगाडी जुनी झाली की ती विकली जाते किंवा भंगारात जाते. ट्रकचे तसे होत नाही. त्याचे इंजिन काढून पंपाला जोडतात, हौदा उतरवून ट्रॅक्टरमागे ओढायला वापरतात, मागच्या चाकाला दोर गुंडाळून ओंडके ओढतात किंवा केबिनमध्ये खताची पोती ठेवतात. म्हणजे रस्त्यावरून उतरल्यावरही ट्रक अनेक वर्षे कामाला असतो आणि शेवटचे काम जिथे संपते तिथेच तो राहतो. म्हणून मी ट्रक शोधत नाही, संपलेली कामे शोधतो. बंद खाणी, लाकूड कापण्याचे जुने कारखाने, धरणाच्या किंवा रस्त्याच्या बांधकामाच्या सोडून दिलेल्या छावण्या आणि महामार्ग सरळ केल्यावर बाजूला पडलेले जुने वळण ही माझी नेहमीची ठिकाणे आहेत. कॅनडाच्या वायव्येला नॉर्मन वेल्स येथील तेल व्हाइटहॉर्सपर्यंत नेण्यासाठी १९४२ ते १९४४ या काळात कॅनॉल नावाचा रस्ता आणि नळमार्ग बांधला गेला. १९४५ मध्ये तो प्रकल्प सोडून देण्यात आला आणि तिथले लष्करी ट्रक परत आणण्यापेक्षा जागेवर सोडणे स्वस्त ठरले, त्यामुळे त्या रस्त्याच्या कडेला ते अजूनही उभे आहेत. हे उदाहरण मोठे आहे, पण कारण सगळीकडे तेच असते, वाहून नेण्याचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून पाहावा. जुन्या नकाशात असलेली आणि नव्यात नसलेली वाट दिसली की तिच्या टोकाशी काय होते याचा विचार करावा. उपग्रह चित्रांत पाच-सहा मीटर लांबीचा, सावली टाकणारा काटकोनी ठिपका शोधता येतो, मात्र पानगळीच्या किंवा उन्हाळ्याच्या महिन्यांतली चित्रे निवडावीत, कारण पाने असताना झाडाखालचे काहीच दिसत नाही. माझी आवडती खूण वेगळी आहे. नांगरलेल्या शेतात मधेच झुडपांचे एक लहान बेट असेल आणि नांगराच्या रेघा त्याला वळसा घालून जात असतील, तर तिथे नांगराला न हलवता येणारे काहीतरी आहे. बहुतेक वेळा तो मोठा दगड किंवा जुनी विहीर निघते. पण कधी कधी झुडपातून मडगार्ड डोकावतो. मात्र यापैकी कोणताही मार्ग माणसांना विचारण्याइतका उपयोगी नाही. जुने मेकॅनिक आणि निवृत्त चालक यांना कोणता ट्रक कोणत्या वर्षी कुठे बंद पडला हे आश्चर्यकारक अचूकतेने आठवते. विचारताना "जुना ट्रक कुठे आहे का" असे न विचारता "त्या खाणीत माल कशाने वाहत असत" असे विचारावे, म्हणजे माणूस बोलू लागतो आणि ट्रक आपोआप गोष्टीत येतो.

काही ठिकाणी जुनी वाहने मुद्दाम जपून ठेवली जातात आणि त्यांपैकी काही जागी छायाचित्रकारांकडून प्रवेशशुल्कही घेतले जाते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील व्हाइट या गावी ओल्ड कार सिटी येथे झाडीत चार हजारांहून अधिक वाहने जमवली गेली, तर नामिबियातील सॉलिटेअर या वाळवंटी थांब्यावर गंजलेली वाहने मुद्दाम वाळूत मांडलेली आहेत. हात बसवण्यासाठी अशा जागा उत्तम, आणि तिथे परवानगीची चिंता नसते. परंतु तिथले वाहन कुणीतरी आणून ठेवलेले असते, त्यामुळे ते इथेच का, हा प्रश्न तिथे विचारता येत नाही आणि फोटोंतही ती उणीव जाणवते, असे माझे मत आहे.

आता गंजाबद्दल, कारण आपल्या फोटोंत तोच सगळीकडे आहे. गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्यापासून बनलेले सजल ऑक्साइड. तो पत्र्याला घट्ट चिकटून राहत नाही, पापुद्रे होऊन सुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते, म्हणून तो थांबत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की हा वेग बराच वाढतो आणि त्यात मीठ आले तर आणखी. म्हणून कोरड्या वाळवंटात सत्तर वर्षांच्या ट्रकवर मूळ रंग फिका होऊन का होईना टिकलेला असतो, तर समुद्राजवळ त्याच वयाच्या ट्रकच्या पत्र्यातून आरपार दिसते. एकाच ट्रकवरही गंज सारखा नसतो. पाणी जिथे साचते तिथे, म्हणजे केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत, दाराच्या तळाशी, पायदानावर आणि केबिनच्या फरशीत तो आधी खातो. बॉनेटचा वरचा भाग उन्हाने रंग गमावतो, पण पाणी ओघळून जात असल्याने पत्रा शाबूत राहतो. ट्रक एका बाजूला कलून उभा असेल तर खालच्या बाजूचा मडगार्ड आधी जातो. हा फरक एकदा दिसू लागला की गंज हा एकच तपकिरी रंग राहत नाही आणि फोटोत काय दाखवायचे ते ठरवता येते.

ओळख पटवण्यासाठी कॅमेरा पिशवीत ठेवून ट्रकभोवती एक पूर्ण फेरी मारावी. सर्वांत जास्त सापडणाऱ्यांपैकी एक म्हणजे १९४७ ते १९५५ या काळातील शेवरलेटचे ॲडव्हान्स डिझाइन ट्रक. गोलसर केबिन आणि पुढच्या जाळीला पाच आडव्या पट्ट्या असतील तर तो १९५३ पर्यंतचा, कारण १९५४ मध्ये जाळी बदलून तिथे जाड आडवा-उभा दांडा आला आणि दोन तुकड्यांच्या पुढच्या काचेऐवजी एकसंध वक्र काच आली. दाराला पुढच्या बाजूस लहान तिकोनी फिरती काच असेल तर तो १९५१ किंवा त्यानंतरचा आणि दाराची मूठ खाली फिरवण्याऐवजी बटण दाबून उघडणारी असेल तर १९५२ किंवा त्यानंतरचा. म्हणजे केवळ दार पाहून तीन-चार वर्षांच्या आत पोहोचता येते. फोर्डच्या १९४८ ते १९५० च्या एफ मालिकेत आडव्या पट्ट्या आत दबलेल्या असतात, १९५१ आणि १९५२ मध्ये त्यांच्या जागी एक रुंद दांडा येतो आणि त्याच्या दोन टोकांना दिवे बसतात. डॉज पॉवर वॅगन तर लांबूनच ओळखू येतो. सपाट मडगार्ड आणि उंच, अरुंद बॉनेट हे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी गाड्यांचे वळण नागरी आवृत्तीत १९४६ पासून १९६८ पर्यंत जवळपास तसेच राहिले. ब्रिटिश बनावटीचा ट्रक असेल तर बेडफर्डची ओ मालिका, १९३९ ते १९५३, आधी आठवावी. तीन आसांचा लष्करी जीएमसी दिसला तर तो पाच लाखांहून अधिक बनलेल्या सीसीकेडब्ल्यू या महायुद्धकालीन नमुन्यापैकी असण्याची शक्यता मोठी. आणि कधी बॉनेट पुढे उतरते होत गेलेले आणि रेडिएटर इंजिनाच्या मागे असलेला मॅक कंपनीचा एसी ट्रक समोर आला, तर तो १९१६ ते १९३९ या काळातला असतो आणि त्या दिवशी दुसरे काही शोधू नये.

मात्र एका खुणेवर विसंबू नका. ट्रक दुरुस्त होत होत जगतात आणि दारे, जाळ्या, मडगार्ड एकमेकांचे लावलेले असतात. १९४९ च्या केबिनला १९५३ चे दार मी स्वतः पाहिले आहे. दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनाकडच्या पत्र्यावर बसवलेली क्रमांकाची पट्टी, इंजिनाच्या ठोकळ्यावरचा ओतीव क्रमांक आणि काचेच्या कोपऱ्यातील छाप या तिन्हींचे फोटो घ्यावेत आणि तर्क घरी करावा. बदललेला भाग ही अडचण मानू नये, तो त्या ट्रकचा इतिहास असतो.

एक अनुभव सांगतो. एका कोरड्या टेकडीच्या पायथ्याशी एक हिरवट राखाडी ट्रक होता. इंजिन नव्हते, पण बॉनेट निखळून पडलेले नव्हते, शेजारी दोन दगडांवर उलटे आणि नीट ठेवलेले होते. इंजिन उचलणाऱ्याने ते परत लावायचा विचार केला असावा. भर दुपारी मी त्याचे चाळीस फोटो काढले आणि एकही चांगला आला नाही. कंटाळून झाडाखाली बसलो. ऊन कलले तेव्हा डाव्या दारावर काहीतरी हलल्यासारखे वाटले. जवळ जाऊन पाहिले तर रंगाच्या जाडीतून अक्षरे उठून दिसत होती. दारावर कधीकाळी पांढऱ्या रंगाने मालकाचे नाव आणि व्यवसाय रंगवलेला होता. पांढरा रंग बराचसा गळून गेला होता, पण त्याने झाकलेला खालचा हिरवा रंग उन्हापासून वाचल्यामुळे आजूबाजूपेक्षा गडद राहिला होता. लाकूड वाहणाऱ्याचा ट्रक होता. हौद्याच्या कडेला लोखंडी खुंट्यांसाठी असलेली भोके मी दुपारीच पाहिली होती, पण त्यांचा अर्थ तेव्हा कळला. तो उजेड सुमारे बारा मिनिटे राहिला. त्या बारा मिनिटांत मी तीन फोटो काढले, दाराचा एक, दार आणि भोके एकत्र दिसणारा एक आणि मागच्या, आता झाडे नसलेल्या उतारासह पूर्ण ट्रकचा एक. त्या दिवसाचे तेवढेच ठेवले आहेत.

म्हणून प्रकाशाचा पहिला नियम असा की काय दाखवायचे यावर तो ठरतो. पोचे, उठावाची अक्षरे, पापुद्रे दाखवायचे असतील तर पृष्ठभागाला जवळजवळ समांतर येणारा सकाळचा किंवा संध्याकाळचा तिरपा उजेड हवा. रंगांच्या छटा दाखवायच्या असतील तर मळभ उत्तम, आणि पाऊस नुकताच थांबला असेल तर सर्वांत चांगले, कारण ओला गंज गडद आणि खोल दिसतो. ओल्या पृष्ठभागावरची पांढुरकी चमक पोलरायझर फिल्टरने, म्हणजे लेन्सवर लावायच्या परावर्तन कमी करणाऱ्या काचेने जाते. रंग, काच आणि पानांवर तो काम करतो, उघड्या चकचकीत धातूवर जवळजवळ नाही, त्यामुळे क्रोमची पट्टी चमकत राहिली तर फिल्टरला दोष देऊ नये. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार होणारी दुरुस्ती, आपोआपवर ठेवला तर तो गंजाचा नारिंगीपणा मारून टाकतो, म्हणून तो उन्हाच्या प्रकाशावर पक्का करावा आणि फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात घ्यावा. गंजात लाल रंगाची माहिती सर्वांत आधी जळते, म्हणजे जास्त उजेडाने तिच्यातले बारकावे जातात. एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यावर दिसणारा उजेडाचा आलेख, ठीक दिसत असतानाही लाल वाहिनी उजव्या टोकाला धडकलेली असू शकते, म्हणून लाल, हिरवी आणि निळी या तिन्ही वाहिन्या वेगळ्या पाहाव्यात. आपल्या फोटोंत सगळा गंज सपाट दिसतो याचे निम्मे कारण बहुधा हेच असावे, आणि वर संगणकावर रंगाची तीव्रता वाढवल्याने ते आणखी बिघडले असेल.

लेन्सच्या बाबतीत नवशिके बहुधा रुंद लेन्स घेऊन अगदी जवळ जातात. फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स लावून दोन मीटरवरून काढलेल्या फोटोत ट्रकचे नाक फुगते आणि केबिन मागे पळते. व्यंगचित्रासारखा परिणाम हवा असेल तर हरकत नाही, पण ट्रकची खरी ठेवण हवी असेल तर सहा ते दहा मीटर मागे सरकून ५० ते ८५ मिलिमीटर वापरावी. कॅमेऱ्याची उंची डोळ्याच्या रेषेत ठेवण्यापेक्षा हेडलाइटच्या रेषेत आणावी. एवढ्यानेच ट्रकला वजन येते. रुंद लेन्स मी एकाच कामासाठी राखतो, ट्रक आणि तो जिथे थांबला ती जागा एकत्र दाखवण्यासाठी, आणि तेव्हा ट्रक चौकटीत लहान ठेवतो. केबिनच्या आतील अंधार आणि बाहेरचा उजेड यांत चार-पाच स्टॉपचा फरक सहज असतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). ट्रायपॉडवरून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घेऊन ते जोडता येतात, पण मळभ असलेल्या दिवशी काच नसलेल्या खिडकीतून एकच फोटो पुरतो आणि तो जास्त नैसर्गिक दिसतो. आतला डॅशबोर्ड, पेडलवरचे झिजलेले रबर, स्टेअरिंगच्या ज्या भागावर हात असे तिथली गुळगुळीत जागा या गोष्टी अवश्य टिपाव्यात. ब्रेक आणि क्लच यांच्या पेडलपैकी कोणते जास्त झिजले आहे यावरूनही ट्रक घाटात चालत होता की थांबत-थांबत माल वाटत होता, याचा अंदाज बांधता येतो.

रात्रीच्या छायाचित्रणाला अलीकडे फार मागणी आहे. पौर्णिमेच्या आसपास आयएसओ (संवेदनशीलता) ८००, लेन्सचे छिद्र एफ/४ आणि २० सेकंद येथून सुरुवात करून पुढे दुरुस्ती करावी, २४ मिलिमीटरच्या लेन्सने एवढ्या वेळात तारे फारसे ओढले जात नाहीत. टॉर्चने उजेड टाकायचा असेल तर कॅमेऱ्याच्या जागेवरून टाकू नये, बाजूने टाकावा, नाहीतर सगळे उंचसखल पुसले जाते. हेडलाइटच्या आत दिवा ठेवून मेलेला ट्रक जिवंत असल्याचा देखावा करणे मला स्वतःला पटत नाही. तो ट्रक थांबला आहे, हीच तर त्याची गोष्ट आहे.

धोक्यांबद्दल थोडक्यात पण नेमके सांगतो. केबिनमध्ये चढू नये, फरशी वरून शाबूत दिसली तरी खालून गेलेली असते. आत हात घालण्यापूर्वी काठीने आवाज करावा, कारण साप आणि गांधीलमाश्या यांना ही जागा आवडते. जॅकवर किंवा दगडांवर तोललेल्या ट्रकखाली शिरू नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते, लष्करी गाड्यांच्या डॅशबोर्डवरील अंधारात चमकणाऱ्या मापकांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो, म्हणून काहीही खरवडू नये. चाकाची रिंग अनेक तुकड्यांची असेल आणि टायरमध्ये हवा भरलेली असेल तर त्याला हात लावू नये, रिंगचे तुकडे स्फोटासारखे सुटतात. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. खाणीजवळ ट्रकपेक्षा जमिनीतली झाकलेली भोके जास्त घातक असतात.

परवानगीशिवाय कुंपण ओलांडू नये हे सांगण्याची गरज नसावी, पण परवानगी मिळाल्यानंतरही काहीच हलवू नये, उघडू नये, उचलू नये. समोर आलेली फांदी हाताने धरून ठेवावी, तोडू नये. एकदा मी एका ट्रकचा फोटो प्रसिद्ध केला. जागेचे नाव दिले नव्हते, पण मागे एक वेगळ्या छपराचे गोदाम दिसत होते. वर्षभराने पुन्हा गेलो तर ट्रकचे बोधचिन्ह, दोन्ही हेडलाइट आणि हॉर्न पळवलेले होते. मालकाने मला काही म्हटले नाही, फक्त पुढच्या वेळी दार उघडले नाही. तेव्हापासून मी फोटोतील स्थानाची माहिती पुसतो, नंबरपट्टी झाकतो आणि पार्श्वभूमी ओळखू येईल का हे दुसऱ्या माणसाला विचारून मगच फोटो बाहेर देतो. मालकाला छापील प्रत नेऊन देतो. त्याच्या बदल्यात ट्रकची जी हकिगत मिळते ती अन्य कुठेही मिळत नाही.

आता आपले दोन ट्रक. खाणीच्या रस्त्यावरचा ट्रक चढाच्या दिशेने तोंड करून उभा आहे की उताराच्या, हे आपल्या वर्णनात नाही आणि तेच सर्वांत आधी पाहावे. तोंड वर आणि हौदा रिकामा असेल तर तो माल आणायला जाताना थांबला, तोंड खाली आणि हौद्यात दगड असतील तर भरलेला असतानाच सोडला गेला. दोन्ही फोटो वेगळे होतील, कारण पहिल्यात चौकटीत खाणीचे तोंड हवे आणि दुसऱ्यात खाली जाणारा रस्ता. बांधावरच्या ट्रकसाठी पाने गळेपर्यंत थांबावे. तोपर्यंत शेतमालकाला भेटून इंजिन कुठे गेले ते विचारावे, ते जवळच्या एखाद्या पंपाला अजूनही बसवलेले असू शकते. तसे निघाले तर पहिला फोटो त्या पंपाचा काढावा आणि मग झाडीकडे जावे.